एका बाकावरची अंगठी: हातानं दागिना घडवू पाहणाऱ्यांसाठी पहिले धडे

सराफ बाजारात घडणारी साधी अंगठीसुद्धा सहसा चार-पाच हातांतून जाते. गाळणारा वेगळा, पत्रा आणि तार ओढणारा वेगळा, घडवणारा वेगळा, खडे बसवणारा आणि पॉलिशवाला आणखी वेगळे. कोल्हापूर जिल्ह्यातलं हुपरी चांदीच्या कामासाठी नावाजलेलं आहे. तिथंही पैंजणाच्या एका जोडामागे अशीच कामाची वाटणी असते आणि एखाद्या घरात त्यातला एखादाच टप्पा होतो. त्या पद्धतीतून वेग येतो, सफाई येते, भाव परवडतो.

स्वतंत्रपणे काम करणारा कारागीर हे सगळे टप्पे एकटा, एका बाकावर करतो. त्याचा माल कमी निघतो. पण दागिन्यातला प्रत्येक सांधा कुठे आहे, कसा बसला, कुठे किती कानस चालली हे त्याला माहीत असतं. घेणाऱ्याला तो ते डोळ्यांत पाहून सांगू शकतो. माझ्या मते हाताच्या दागिन्याची खरी किंमत याच माहितीत आहे, आणि ती मिळवायची तर सुरुवात लहान वस्तूपासून करावी लागते. ठुशी, साज, नथ हे सगळं पुढे आहेच. या लेखात आपण एकच वस्तू घडवणार आहोत: ९२५ चांदीची, ४ मिलिमीटर रुंद आणि दीड मिलिमीटर जाड पट्टीची साधी गोल अंगठी. तिच्यात सांधा एकच आहे, पण करवत, कानस, आग, आम्ल, हातोडी आणि पॉलिश या सगळ्यांशी तुमची ओळख होते.

धातू कोणता घ्यायचा

चोख चांदी फार मऊ असते. रोजच्या वापरात ती चेपते, ओरखडते. म्हणून हजारात ९२५ भाग चांदी आणि ७५ भाग तांबं असलेली मिश्र चांदी वापरतात. ती स्वतः गाळायची असेल तर हिशेब सोपा आहे: चोख चांदीच्या वजनाला ०.९२५ नं भागायचं आणि येणाऱ्या आकड्यातून चांदीचं वजन वजा करायचं. ५० ग्रॅम चोख चांदीला साधारण ४.०५ ग्रॅम तांबं लागेल. पण सुरुवातीला गाळण्याच्या भानगडीत पडू नका. मूस, भट्टी, पत्रा ओढायचं रूळमशीन हा सगळा वेगळा संसार आहे. मुंबईचा झवेरी बाजार, कोल्हापूरची गुजरी, पुण्याची रविवार पेठ किंवा तुमच्या गावचा सराफ कट्टा इथं चौकशी केली की तयार पत्रा आणि तार मिळते. घेताना शुद्धतेचा उल्लेख बिलावर मागून घ्या.

घरातली आजीची जुनी चांदी वितळवून पहिली अंगठी करण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. भावना समजते, पण थांबा. जुन्या पैंजणांत सांध्यासांध्याला डाख, म्हणजे सांधा जोडायला वितळवलेला मिश्र धातू, असतो, त्यामुळे सगळं एकत्र गाळलं की शुद्धता किती उरली ते तपासल्याशिवाय कळत नाही. आणि शिकताना बिघडलेली ती चांदी आजीची असते.

त्याआधी तांबं. चांदीला हात लावायच्या आधी याच मापाच्या दोन-तीन अंगठ्या तांब्याच्या पत्र्यातून करा. तांबं स्वस्त आहे हे कारण आहेच, पण दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तांब्यावर चांदीचा डाख लावला की लाल धातूत पांढरी रेघ दिसते. सांधा नीट जुळला असेल तर ती रेघ केसाएवढी येते, ढिला असेल तर जाड आणि वेडीवाकडी. चांदीत जे लपतं ते तांबं उघडं दाखवतं.

बाक आणि हत्यारं

पारंपरिक सोनार जमिनीवर मांडी घालून, समोर ऐरण आणि शेगडी घेऊन बसतो. टेबलावर काम करणार असाल तर बाक नेहमीच्या टेबलापेक्षा उंच हवा, खुर्चीत बसल्यावर छातीच्या आसपास येईल इतका. वस्तू डोळ्यांजवळ येते आणि मान वाकत नाही. बाकाच्या कडेला लाकडाची एक जाड जीभ बाहेर काढून घट्ट बसवा आणि तिला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडा. करवत आणि कानस यांचं जवळजवळ सगळं काम याच खाचेवर टेकून होतं.

जिभेखाली चामड्याची झोळी किंवा ओढता येणारा खण ठेवा. चांदीचा कीस तिथं पडू द्या आणि तो तांब्याच्या किसात मिसळू देऊ नका. सोनाराच्या दुकानासमोरची धूळ झाडून, धुऊन त्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होते. त्या धुळीवर घर चालत होतं, यावरून कीस म्हणजे काय ते समजावं.

विकत घ्यायच्या गोष्टी: सोनारी करवतीची चौकट आणि डझनाच्या हिशेबानं पाती, एका बाजूनं सपाट आणि दुसऱ्या बाजूनं गोल अशी कानस, काही बारीक सुईकानशी, पोलादी पट्टी, टोकदार आखणी, सपाट तोंडाची पक्कड, अंगठी गोल करायचा निमुळता पोलादी दांडा (दुकानात मॅन्ड्रेल म्हणून मागा), नायलॉनचा किंवा कातड्याचा हातोडा, ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा. आगीसाठी ब्यूटेन गॅसचा लहान हातटॉर्च अंगठीएवढ्या कामाला पुरतो. त्याखाली अग्निवीट. सवागी म्हणजे टाकणखार, डाख, आणि चिमटे दोन: एक पोलादी, एक तांब्याचा. दोन का, ते आम्लापाशी आल्यावर सांगते.

महागड्या यंत्रांच्या मागे लागू नका. पैसे जास्त घालायचेच असतील तर कानशीत आणि पात्यांत घाला.

माप आणि पट्टीची लांबी

बोटाचं माप संध्याकाळी घ्या. थंड सकाळी बोट आकसलेलं असतं आणि तेव्हा बसलेली अंगठी दुपारी रुतते. पेराचा सांधा जाड असेल तर माप त्या सांध्यावरून उतरेल असं हवं. मापाच्या कड्यांचा जुडगा मिळतो, तो घ्या. दोऱ्यानं घेतलेलं माप मी तरी धरत नाही, दोरा ताणला जातो.

आता नवख्यांची हमखास फसगत होते ती जागा. अंगठीच्या आतल्या व्यासावरून पट्टी कापली तर अंगठी लहान होते, कारण धातूला जाडी असते. वाकताना आतली बाजू दबते, बाहेरची ताणली जाते आणि लांबी टिकते ती मधल्या थराची. म्हणून आतल्या व्यासात पत्र्याची जाडी मिळवायची आणि मग ३.१४ नं गुणायचं. आतला व्यास १७ मिलिमीटर आणि पत्रा दीड मिलिमीटर असेल तर १८.५ गुणिले ३.१४ म्हणजे ५८.१ मिलिमीटर. कानशीला म्हणून अर्धा मिलिमीटर जास्त ठेवा. या पट्टीचं वजन साधारण ३.६ ग्रॅम भरेल. आकडा वहीत लिहून ठेवा, शेवटी लागणार आहे.

करवत

पातं बसवताना दाते बाहेरच्या बाजूला आणि टोकं मुठीकडे झुकलेली हवीत, कारण सोनारी करवत खाली ओढताना कापते. चौकट बाकाला टेकवून छातीनं किंचित दाबा, पातं दोन्ही पेचांत आवळा आणि मग दाब सोडा. बोटानं छेडल्यावर तारेसारखा स्वच्छ टणत्कार आला पाहिजे. बद्द आवाज म्हणजे पातं ढिलं, आणि ढिलं पातं वाकडं जातं व तुटतं. पत्र्याच्या जाडीत निदान तीन दाते बसतील इतकं बारीक पातं निवडा. पात्याला अधूनमधून मेण लावा.

पट्टीची कड पोलादी आखणीनं ओढा. पेन्सिलची रेघ जाड असते आणि ती बोटानं पुसली जाते. कापताना रेघेच्या बाहेरून चाला, म्हणजे रेघ कानशीसाठी शिल्लक राहील. चौकट उभी, मनगट सैल, पात्याची पूर्ण लांबी वापरायची. पुढे ढकलायचं नाही, करवत आपल्या वजनानं वर-खाली होत स्वतः पुढे सरकते. पाती तुटणारच. सुरुवातीला दिवसाला पाच-सात तुटली तरी मनाला लावून घेऊ नका. हात घट्ट आवळला की पातं तुटतं, आणि हात सैल व्हायला थोडे दिवस जातातच.

सांधा जुळवणं

हा सगळ्या कामाचा गाभा आहे आणि इथं घालवलेला वेळ पुढे दुपटीनं वाचतो. डाख फट भरत नाही. तो पातळ होऊन दोन भिडलेल्या पृष्ठभागांच्या मधल्या अरुंद जागेत शिरतो. तुम्ही फट ठेवली तर तो एका काठावर जमून बसेल, किंवा वरून भरल्यासारखा दिसेल आणि दोन महिन्यांनी बोटातच उघडेल.

पट्टीच्या दोन्ही टोकांना कानस लावून ती काटकोनात आणा. पट्टी वाकवण्याआधी तापवून मऊ करून घ्या: खोलीत उजेड मंद ठेवा, ज्योत सगळीकडून फिरवा, धातू मंद लाल दिसला की ज्योत काढा, लाली गेल्यावर पाण्यात बुडवा. उन्हात किंवा झगझगीत दिव्याखाली ही लाली दिसत नाही आणि मग ती दिसेपर्यंत माणूस चांदी वितळवून बसतो. ९२५ चांदी साधारण ८०० अंशांच्या पुढे वितळू लागते. तापवून मऊ करायला ६०० ते ६५० अंश पुरतात. जास्त वेळ जास्त तापवलं तर मिश्रणातलं तांबं आतल्या आत जळून चांदीवर जांभळट-करडे डाग येतात. ते कानशीशिवाय जात नाहीत.

मऊ झालेली पट्टी वाकवताना गोलाईचा विचार अजिबात करू नका. ती नंतर येते. आत्ता फक्त टोकं एकमेकांना सपाट भिडली पाहिजेत, मग अंगठीचा आकार इंग्रजी डी अक्षरासारखा झाला तरी चालेल. टोकं एकमेकांच्या थोडी पलीकडे नेऊन परत आणलीत तर धातूत स्प्रिंगसारखा ताण येतो आणि ती आपसूक दाबून बसतात. आता अंगठी खिडकीसमोर धरा. सांध्यातून उजेड दिसला तर काम झालेलं नाही. बारीक पातं थेट सांध्यातून एकदा उभं चालवा, म्हणजे दोन्ही टोकं सारखी कापली जातील. मग पुन्हा दाबून मिटवा, पुन्हा उजेडासमोर धरा. उजेड पूर्ण थांबेपर्यंत हेच.

झाळणं

झाळणं म्हणजे डाख वितळवून सांधा जोडणं. टॉर्च पेटवण्याआधी केस बांधा, सुती कपडे घाला, नायलॉनची ओढणी बाजूला ठेवा, डोळ्यांवर चष्मा, खिडकी उघडी, हाताशी वाळूची बादली. डाख घेताना तो कॅडमियममुक्त आहे ना, हे दुकानदाराला स्पष्ट विचारा. सोन्याच्या कामात केडीएम नावानं कॅडमियमचा डाख वर्षानुवर्षं चालला. त्याची वाफ फुफ्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक असते, आणि ती ज्याच्या नाकात जाते तो दागिना घालणारा नसतो, बाकावर वाकलेला कारागीर असतो.

डाख कडक, मध्यम आणि मऊ अशा प्रकारांत मिळतो. एकच सांधा असेल तर कडक वापरा. तो वितळायला जास्त उष्णता लागते, पण रंग चांदीशी चांगला मिळतो. दागिन्यात अनेक सांधे असतील तर आधी कडक, मग मध्यम, मग मऊ, म्हणजे नवा सांधा झाळताना जुना सुटत नाही.

सवागी पाण्यात उगाळून दुधासारखी करा आणि सांध्याला आतून-बाहेरून लावा. डाखाचे मोहरीपेक्षा लहान दोन तुकडे आतल्या बाजूनं सांध्यावर ठेवा. ज्योत आधी दूर धरून सवागी सुकू द्या. ती फुगते, तुकडे हलतात, तेव्हा पोलादी चिमट्यानं ते जागेवर सारा. मग सगळी अंगठी तापवा, सांध्यावर रोख धरू नका. डाख उष्णतेकडे धावतो, ज्योतीकडे नाही. एक बाजू जास्त तापली तर तो त्याच बाजूला चढून बसतो आणि सांधा कोरडा राहतो. सवागी काचेसारखी पारदर्शक झाली की क्षण जवळ आला. अंगठी मंद लाल होते, आणि एकदम सांध्यातून चमकदार रेघ पळते. ती बाहेरच्या कडेपर्यंत आली की लगेच ज्योत बाजूला.

ती रेघ पहिल्यांदा पळताना पाहणं हा या कामातला माझ्या सर्वांत आवडीचा क्षण आहे, आजही.

आम्ल

झाळल्यावर अंगठी काळी आणि काचेसारख्या सवागीनं माखलेली असते. सोनार पूर्वापार तुरटीच्या किंवा सौम्य तेजाबाच्या पाण्यात ती उकळतात. घरी काम करणाऱ्यांनी किराणा दुकानात मिळणारं लिंबूफूल वापरावं: पाण्यात विरघळवून कोमट ठेवायचं आणि अंगठी पांढरी होईपर्यंत बुडवायची. थोडा वेळ जास्त लागतो, पण खोलीत तेजाबाची वाफ फिरत नाही. पुढे कधी तीव्र आम्ल हाताळायची वेळ आलीच तर आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीही नाही.

इथं तांब्याचा चिमटा लागतो. आम्लाच्या पाण्यात तांबं विरघळलेलं असतं. त्यात लोखंड बुडलं की ते तांबं चांदीवर गुलाबी थरासारखं चढतं. बाहेर काढल्यावर अंगठी खायच्या सोड्याच्या पाण्यात आणि मग साध्या पाण्यात धुवा.

गोल करणं, घासणं, चमकवणं

अंगठी पोलादी दांड्यावर चढवून नायलॉनच्या हातोड्यानं फिरवत ठोका. दांडा निमुळता असल्यानं अंगठीची एक कड मोठी होत जाते, म्हणून मध्येमध्ये काढून उलटी चढवा. सांधा कच्चा असेल तर तो याच वेळी उघडतो आणि ते बरंच आहे, बोटात उघडण्यापेक्षा. उघडला तर टोकं पुन्हा साफ करून नव्यानं झाळा. वरून डाख टाकून भागवू नका.

मग कानस: आधी आतून गोल बाजूनं, नंतर बाहेरून. सांध्याची रेघ दिसेनाशी झाली की पुढे पॉलिश पेपर ४००, ६००, ८००, १२०० अशा क्रमानं. प्रत्येक पेपर आधीच्या पेपरच्या आडव्या दिशेनं चालवा, म्हणजे जुने ओरखडे उरलेत का ते लगेच दिसतं. घाईत ४०० वरून १२०० वर उडी मारली की अंगठी चमकते खरी, पण त्या चमकेखाली खोल रेघा राहतात आणि उन्हात त्या दिसतात. कडा घासून किंचित बोथट करा, धारदार कड शेजारच्या बोटाला टोचते. शेवटी रिठ्याच्या पाण्यात पितळी तारेच्या ब्रशनं घासा. त्यातून येणारी शांत, ओली झळाळी यंत्राच्या बफनं येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ठोक्याची नक्षी हवी असेल तर ती गोल केल्यानंतर आणि पेपर लावण्याआधी, गोल तोंडाच्या हातोडीनं. ठोकल्यानं धातू पसरतो आणि अंगठी थोडी मोठी होते, याचा हिशेब आधी धरा.

किंमत आणि शिक्का

बाजारात चांदीची मजुरी ग्रॅमवर लावतात. भरपूर वजनाच्या मालाला ते ठीक आहे. तुमच्या साडेतीन ग्रॅमच्या अंगठीला ते लागू केलंत तर दिवसभराच्या कामाचे चहाचे पैसेही सुटणार नाहीत. मजुरी तासांवर धरा. आधी धातूचं वजन गुणिले त्या दिवसाचा भाव, त्यात घट (सुरुवातीच्या पट्टीच्या वजनातून तयार अंगठीचं वजन वजा करा, वहीतला आकडा इथं कामाला येतो), गॅस, पाती, पेपर यांचा खर्च आणि मग तास. शिकताना लागलेले जादा तास गिऱ्हाइकाच्या माथी मारू नयेत, पण हात बसल्यावरचे तास पूर्ण लावावेत. ओळखीतली माणसं "फक्त चांदीचे घे ना" म्हणतील. त्यांना हा हिशेब कागदावर मांडून दाखवा, बहुतेकांना पटतो.

अंगठीवर स्वतः ९२५ ठोकणं हा तुमचा शब्द झाला, तो हॉलमार्क नव्हे. हॉलमार्क हवा असेल तर भारतीय मानक ब्युरोकडे नोंदणी करून दागिना त्यांच्या मान्यताप्राप्त केंद्रात तपासून घ्यावा लागतो. सोन्यासाठी हॉलमार्किंग २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचं झालं, चांदीसाठी ते ऐच्छिक ठेवलं आहे. विक्री सुरू करण्याआधी सध्याचे नियम ब्युरोच्या कार्यालयातून आणि कर सल्लागाराकडून एकदा पक्के करून घ्या. ओतीव भाग किंवा बाजारातली तयार साखळी वापरली असेल तर ते विकतानाच सांगा. हातानं घडवलेलं या शब्दांवर तुमचं सगळं दुकान उभं आहे.

प्रत्येक अंगठीची वहीत नोंद ठेवा: तारीख, पत्र्याची जाडी, तयार वजन, कोणता डाख, आणि सांधा नक्षीच्या किंवा शिक्क्याच्या कुठल्या बाजूला आहे. वर्षा-दोन वर्षांनी कोणीतरी अंगठी घट्ट होते म्हणून परत येईल. तेव्हा जुन्या सांध्यातच कापायचं, मधे तेवढाच तुकडा घालायचा आणि मूळच्यापेक्षा एक पायरी मऊ डाखानं झाळायचं, हे त्या नोंदीवरून लगेच कळतं.